अवधाण

आमच्या चाळीत एक शब्दप्रयोग फार चाले. तो म्हणीसारखा वापरत, पण होती ती शिवीच: रांडपुत्र शहाजादा. अर्थ असा, की विधवेचा मुलगा आणि बादशहाचा मुलगा, दोघांनाही जाब विचारणारा कोणी नसतो. मी शहाजादा झाल्याचं मला सहाव्या वर्षी, वडील गेले त्याच महिन्यात कळलं. राज्य म्हणाल तर गिरगावातल्या त्या चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. प्रजा म्हणाल तर आई.

पंधरा वर्षांचा झालो तेव्हा माझ्या प्रत्येक वागण्याचं कारण चाळीत आधीच तयार असे. उलट बोललो, बाप नाही म्हणून. उशिरा आलो, बाप नाही म्हणून. एकदा पहिला नंबर आला, तेव्हाही शेजारच्या काकू म्हणाल्या, "बिचारा, बाप नाही ना." शेजारच्या पेन्शनरांच्या मुलानं मास्तरांचं पागोटं विहिरीत टाकलं, तेव्हा मात्र ते वयावर गेलं. वय मलाही होतं, पण माझ्याकडून ते कारण कोणी घेत नसे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कोळीण मासळीची टोपली घेऊन बसे. चाळीच्या मागच्या बाजूला मासे खाणारी बिऱ्हाडं होती, ती तिची गिऱ्हाइकं. पुढच्या बाजूला आम्ही भटं. आम्ही जाता-येता नाकाला उपरणं लावत असू. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता, आणि तिला माझ्याच वयाचा एक मुलगा होता. म्हणजे गल्लीत शहाजादे दोन. फरक इतकाच, की मी बिघडलो तर बाप नाही म्हणून, आणि तो बिघडला तर बाप नाही आणि शिवाय जातच तशी. त्याला दोन कारणं मिळत, मला एकावर भागवावं लागे.

दोन्ही आयांची मुलं वाढवायची रीत अगदी उलटी होती. माझी आई मला कधी मारत नसे. मी चुकलो की ती जेवत नसे. पानावर बसे, चित्राहुती घाली, आणि हात धुऊन उठे. कोळीण टोपलीखालची चुंबळ भिरकावून मारी, तोंडानं सात पिढ्या उद्धरी, आणि मग त्याच हातानं भाकरी पुढे सारी. मार दोघांनाही लागे. त्याच्या पाठीवरचा वळ तासाभरात जाई. चाळीच्या मते मात्र एक मुलगा लाडानं बिघडत होता आणि दुसरा मारानं. बायकांच्या हातून मूल बिघडण्यावाचून दुसरं काही होऊ शकतं, ही शक्यता कोणाच्या डोक्यात आली नव्हती.

हे सगळं चालू असताना मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला.

त्या दिवसांबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते लिहिणारे बहुतेक त्या वेळी गावाला पळालेले होते. आम्हाला पळायला गाव नव्हतं. मला आठवते ती शांतता. चाळीतल्या निम्म्या दारांना कुलपं. नळावर भांडण नाही, कारण भांडायला पुरेशी माणसं नाहीत. जिन्याखाली मेलेला उंदीर दिसला की तो कोणी पाहिला हे कोणी सांगत नसे. शेपटीला न शिवता काठीनं शेजारच्या चाळीच्या हद्दीत ढकलायचा. ज्या घरात माणूस गेलं त्या दारावर लाल वर्तुळ काढत. समोरच्या चाळीच्या एका दारावर तीन वर्तुळं झाली, तेव्हा आई त्या बाजूची खिडकी लावून घेऊ लागली.

आजाऱ्यांना झाकलेल्या गाडीतून इस्पितळात नेत. तिथून परत आलेला माणूस आम्ही पाहिला नव्हता. मग ज्ञातीज्ञातींनी आपापली इस्पितळं काढली. त्याबद्दल गॅलरीत फार अभिमानाची भाषणं झाली. मरणाच्या पंक्तीलाही शेजारी कोण बसतो हे पाहायची सोय झाली, एवढं मला त्यातून समजलं.

भाषणं बहुतेक पेन्शनरांची. ते एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. अल्पाकाचा काळा कोट घालत आणि पत्नीशीसुद्धा शुद्ध बोलत. तपासणीच्या टोळीबरोबर फिरायला सरकारला मोहल्ल्यातले प्रतिष्ठित गृहस्थ हवे होते. पेन्शनरांना पितळेचा बिल्ला मिळाला. त्या दिवसापासून ते घरातसुद्धा कोट काढत नाहीत, असं त्यांच्या मुलानं मला सांगितलं.

टोळी सकाळी येई. गोरा डॉक्टर, एक-दोन सोल्जर, बायकांसाठी एक नर्स, आणि बिल्ला. मान, काखा, जांघा चाचपून पाहत. ताप आणि गाठ सापडली की गाडी. कोणी आजाऱ्याला माळ्यावर पेटाऱ्यात दडवी. खालच्या मजल्यावर एकांनी तापानं फणफणलेल्या भावाला पागोटं घालून, हातात गंजिफा देऊन बसवलं होतं. डॉक्टरनं पानं बघायला हात पुढे केला तेव्हा भाऊ आडवा झाला.

संध्याकाळी गॅलरीत वर्तमानपत्र मी वाचून दाखवत असे, कारण माझा आवाज मोठा होता. तापाची लक्षणं मला पाठ होती: थंडी, ताप, डोकं जड, जांघेत नाही तर काखेत गाठ. ज्ञानानं भीती जाते असं आमचे मास्तर म्हणत. त्यांनी ते पत्र वाचलं नसावं. वाचून झालं की मी अंथरुणात स्वतःच्या काखा चाचपून पाहत असे.

शाळा बंद होत्या. दुपारी आई जरा पडली की मी चौपाटीच्या टोकाला जाई. तिथे कोळ्यांच्या थोड्या झोपड्या होत्या आणि पुढे खडक. कोळणीचा मुलगा मला 'भटा' म्हणे, मी त्याला 'कोळ्या' म्हणे, आणि याहून जवळची नावं आम्हाला लागली नाहीत. सबंध शहरात मरणाची गोष्ट न निघणारी तेवढीच एक जागा होती. त्यानं मला पोहायला शिकवलं. बोंबील मी तिथेच खाल्ले, निखाऱ्यावर भाजलेले, आणि त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

त्या रविवारी सुकती होती, पाणी खूप मागे गेलं होतं. तो लहान कोयतीनं खडकावरची कालवं फोडत होता.

"भटा, पाय बगून टाक. ह्ये देवघर नाय तुजं."

मी पाय बघून टाकला, पण नेमका शिंपेवर. तळवा टाचेपासून बोटांपर्यंत उघडला. मला खांद्यावर टाकून त्यानं झोपडीपाशी आणलं. कोळीण जाळं शिवत होती. तिनं आधी त्याच्या पाठीत चुंबळ हाणली, मग माझा पाय धुतला, हळद-चुना भरला, आणि आपल्या जुन्या चौकड्यांच्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली.

"आयेला जाऊन सांग. शिंपेचा वार वायट आसतो."

"सांगतो," मी म्हटलं.

सांगणार काय? पाय कापला म्हटलं की कशानं, कशानं म्हटलं की कुठे, आणि कुठे म्हटलं की कोणाबरोबर. आईकडे चार विद्यार्थी जेवायला येत. चौघेही कोकणातल्या सोवळ्या घरचे. त्यांच्या जेवणावर आमचं जेवण चाले. भटाचा मुलगा कोळीवाड्यात बोंबील खातो हे बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी तिच्या चुलीवर फक्त आमच्या दोघांचा भात, आणि तोही किती दिवस? मी घरी टाच न टेकता चालू लागलो. विचारलं तर म्हणे, लंगडी खेळतो. पंधरा वर्षांचा मुलगा एकटा लंगडी खेळतो यावर आईनं विश्वास ठेवला नसावा. पण जेवली.

दोन-तीन दिवसांनी अंग मोडून आलं. नळाखाली डोकं धरलं. दुपारी कूस बदलताना जांघेत कळ आली, आणि हात तिथे गेला.

गाठ होती. सुपारीएवढी, आणि हात लावू देईना.

मला आठवतं ते असं: मी ओरडलो नाही. डोळे मिटून मी पत्रातला परिच्छेद पहिल्यापासून म्हटला. थंडी होती. ताप होता. डोकं जड होतं. माझं मीच निदान केलं आणि ते इतकं बिनचूक जुळलं, की पायाकडे लक्षच गेलं नाही. पाय हे एक लपवायचं प्रकरण होतं आणि गाठ हे दुसरं. त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध असेल हे मला सुचलं नाही.

आईला सांगायचं म्हणजे कुठली जागा ते सांगायचं. मुंज झालेला मुलगा आईशी अशा जागांबद्दल बोलत नाही. मरण आणि लाज यांत तेव्हा मला लाज मोठी वाटली. त्या वयात ती तशी वाटते. त्यात बाप असण्या-नसण्याचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही.

टोळी दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. खाली शिट्टी वाजली, फरसबंदीवर बूट वाजले. आई स्वयंपाकात होती, ओलेत्यानं, सोवळ्यात. नैवेद्य होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही, तिनं कोणाला शिवायचं नाही, हा नियम मला समजायला लागल्यापासून एकदाही मोडला नव्हता. मी दारातल्या भिंतीला टेकून उभा होतो.

"असा का उभा?"

"उगीच."

"वर बघ."

मी वर पाहिलं. ती हातभर अंतरावर आली. हात पुढे आला आणि मध्येच थांबला. नुसता सवयीनं थांबला. मग तिनं तो माझ्या कपाळावर ठेवला. मी दचकलो. तो हात थंड होता, पण त्याहून, तो या वेळेला तिथे कसा, याचं मला भय वाटलं.

"कुठे?" तिनं विचारलं.

मी खाली पाहिलं.

"काखेत?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग जांघेत."

ती चुलीपुढे बसली. तिचे ओठ हलत होते, पण स्तोत्र नव्हतं ते. खालच्या मजल्यावर दारं वाजत होती, नर्सचा आवाज, कोणाचं तरी मूल रडत होतं. एवढी भ्यालेली मी तिला वडील गेले तेव्हाही पाहिली नव्हती. आणि मग तिनं असा प्रश्न विचारला, जो माझ्या वर्तमानपत्रात कुठेच नव्हता.

"पायाला काय लागलंय?"

"काही नाही."

"पाय इकडे कर."

"काही नाही म्हटलं ना!"

"लंगडी खेळतोस ना चार दिवस? पाय दे."

आमच्या घरात रोज सकाळी मी तिच्या पायाला हात लावी. तिनं माझा पाय धरणं हे उलटंच होतं. तिनं तो ओढून मांडीवर, सोवळ्यावर घेतला. चौकड्यांची पट्टी दिसली. ते लुगडं सबंध गल्लीच्या ओळखीचं होतं. तिनं पट्टी नाकाशी नेली, आणि तिला सगळं समजलं, कारण ती गोष्ट वासानं सांगणारी होती. मला एक अक्षरही बोलावं लागलं नाही. तिनं पट्टी सोडली. तळवा सुजून लाल झाला होता आणि कडेनं पिवळा.

"अवधाण आहे," ती म्हणाली. मला नव्हे. चुलीला म्हणाली असेल.

हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. पायाला जखम चिघळली की जांघेत गाठ येते, हाताला चिघळली की काखेत. मूळ बरं झालं की गाठ बसते. प्रत्येक घरात हे माहीत होतं. माझ्याच लहानपणी मला दोनदा अवधाण आलं होतं. पण त्या वर्षी शहर सोडून माणसांबरोबर तो शब्दही पळाला होता. गाठ म्हणजे एकच गाठ. आठवायला दुसरं काही आहे याचीच आठवण उरली नव्हती.

पट्टी तिच्या हातात होती आणि चूल समोर पेटलेली.

"जाळून टाक," मी म्हटलं.

तिनं चुलीकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग पट्टी निऱ्यांत खोचली.

"राहू दे. साक्षीला दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

टोळी दारात आली. डॉक्टर तरुण होता आणि फार थकलेला. त्यानं मान पाहिली, काखा पाहिल्या, आणि मग त्याच्या बोटांना ते सापडलं. तो पेन्शनरांना काही बोलला. पेन्शनर एक पाऊल मागे सरले, इतके की कठड्याला टेकले.

"बाई, मुलाला गाडीत घालावं लागेल. ईश्वरेच्छा बलीयसी."

आई पेन्शनरांपुढे कधी बोलत नसे. दाराआडून म्हणाली, "त्याला अवधाण आलंय."

"काय आलंय?"

"अवधाण."

"अवधान, बाई, अवधान. न नळातला. प्रसंग कोणताही असो, शब्द तरी शुद्ध असावा."

आणि साहेबाकडे वळून त्यांनी त्या शुद्ध शब्दाचं शुद्ध इंग्रजी केलं. "अटेन्शन," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

दारातल्या सोल्जरनं खाडकन टाच जुळवली आणि छाती काढून उभा राहिला.

ही गोष्ट मी पुढे पुष्कळदा सांगितली आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. त्या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरनं सोल्जरकडे पाहिलं, पेन्शनरांकडे पाहिलं, आणि गाडीवाल्यांना हात केला. दोघं डोली घेऊन जिना चढू लागले. बांबू जिन्याच्या भिंतीला घासल्याचा तो आवाज मला अजून ओळखता येईल.

आई दाराआडून बाहेर आली. तिनं माझा घोटा पकडला आणि पाय डॉक्टरच्या छातीपर्यंत उचलला. मी भिंतीला धरून पडता पडता राहिलो.

"साहेब, पाय!"

एवढं मराठी त्याला कळलं. तो वाकला. जखम पाहिली, तळव्याला अंगठा दाबला, मी किंचाळलो. त्यानं काहीतरी विचारलं.

"कशानं कापला, विचारतात," पेन्शनर म्हणाले.

"कालवाच्या शिंपेनं."

गॅलरीत उभ्या असलेल्या चाळीनं नाकाला उपरणी लावली.

"शिंप? शिंप घरात कुठून आली?"

"घरात नाही. खडकावर."

"आणि खडकावर हा कशाला गेला होता?"

"हे साहेबानं विचारलंय, की तुम्ही?"

पेन्शनरांनी बिल्ला सारखा केला. साहेबाला हवं होतं ते वेगळंच: जखम आधीची की ताप आधीचा, आणि पाहिलं कोणी? मुलाच्या आईचा शब्द त्यानं त्या महिन्यांत शेकडो घरांत ऐकला असेल.

आई कठड्याशी गेली. विधवेचं ओलेतं लाल अलवण, डोक्यावरचा पदर मागे पडलेला. तिनं गल्लीच्या तोंडाकडे हाक मारली. त्या बाईशी ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

"अगं ए मासळीवाले! माझ्या पोराचा पाय कधी कापला?"

खालून उत्तर आलं ते सबंध गल्लीला पुरेल असं.

"इतवारी! सुकतीला! माजेच दारात बांदला त्याला! का गो, सांगला नाय त्यानं? मुडदा बशिवला त्याचा! चार बोंबील खाऊन गेला नि आयेला सांगला नाय?"

"ताप होता का तेव्हा?"

"कसला ताप! घोड्यावानी होता!"

पेन्शनरांनी हे सगळं इंग्रजीत केलं. बोंबील साहेबाला सांगण्याचं काही कारण नव्हतं, पण तेही सांगितले. इंग्रज लोक बोंबलाला 'बॉम्बे डक', म्हणजे मुंबईचं बदक, म्हणतात. साहेब ते नाव उच्चारून पहिल्यांदाच किंचित हसला, आणि जवळ उभ्या असलेल्या, थोडं इंग्रजी येणाऱ्या एकानं ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत माझ्या पापांत एक बदकही जमा झालं होतं.

डॉक्टरनं चिमटा काढला. तळव्यातून पू आणि त्याबरोबर शिंपेचा नखाएवढा तुकडा निघाला. त्यानं तो उजेडात धरला. मग दारावर खडूनं एक फुली मारली आणि बोलला, आणि पेन्शनरांनी सांगितलं: घरातून कोणी बाहेर जायचं नाही. परवा पुन्हा येऊ. ताप असला तर गाडी.

डोली रिकामी खाली गेली.

मला वाटलं होतं आता भीती संपली. ती तर आता सुरू झाली. आईनं जवसाचं पोटीस करून पायाला बांधलं, गार झालं की पुन्हा. मी म्हणे, गाठीवर बांध. ती म्हणे, नाही, ती आपली बसेल. पण थोड्या वेळानं विचारी, "नीट आठव. आधी पाय ठणकला की आधी गाठ आली?" मी सांगे. घटकाभरानं पुन्हा तेच विचारी. डॉक्टरपुढे तिचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, आणि तिलाच खात्री नव्हती हे मला त्या दुपारी कळलं. मी डोळे मिटलेत असं समजून ती स्वतःच्या काखेत बोटं घालून चाचपत होती. मी डोळे उघडले नाहीत. जेवायला एकही विद्यार्थी आला नाही. त्यांचा भात झाकलेला होता तसा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घाम सुटला. आईनं कपाळाला हात लावला, मानेला लावला, पुन्हा कपाळाला. मोरीत जाऊन तिनं तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ मारतच राहिली.

ठरल्या दिवशी डॉक्टर आला. गाठ निम्म्यावर आली होती, ताप नव्हता. त्यानं खडूकडे बोट केलं. पेन्शनरांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी पुसणारं दिसेना, तेव्हा आपल्याच उपरण्याच्या टोकानं फुली पुसली.

मग माझं प्रायश्चित्त निघालं. त्यासाठी पेन्शनरांच्या खोलीत सभा भरली. मरणाच्या भीतीनं लोक कसे एकत्र येतात हे पाहण्यासारखं होतं. बोंबलाला काय, कोळ्याघरच्या पट्टीला काय, बदकाला वेगळं घ्यावं की त्यातच धरावं, यावर पुष्कळ ऊहापोह झाला. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पाजा काय पाजायचं ते. पिईल तो. प्यायला तो आहे, एवढं पुरे." मी पंचगव्य प्यायलो. बोंबील अधिक चांगले होते. चौघांतले दोन विद्यार्थी आठवड्यात परत आले, कारण त्यांना ठाऊक असलेल्या बाकीच्या खानावळींचे आचारी एक तर पळाले होते नाही तर वारले होते.

त्या दिवसापासून आई रोज सकाळी, सोवळं नेसण्याआधी, माझी मान आणि काखा चाचपू लागली आणि पाय उलटे करून पाहू लागली. मी कुरकुर केली की म्हणे, "गप राहा, शहाजादे." आणि आणखी एक. पाणी भरून झालं की ती कठड्याशी येऊन खाली विचारी, "पोरगा आहे ना गं?" खालून उत्तर येई, "हाय!" दोघींमध्ये याहून जास्त बोलणं मी कधी ऐकलं नाही. थोड्या दिवसांनी आईचंही बोलणं आखडलं. ती नुसतं म्हणे, "हाय का?" पेन्शनर त्या वेळी गॅलरीत असले की खोकत.

मग एका सकाळी टोपली नव्हती.

आई दोनदा कठड्याशी येऊन गेली. सोवळ्यात होती, वरण चुलीवर होतं. तिसऱ्यांदा आली तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातली बाई म्हणाली, "काल तिकडच्या झोपड्या उस्कटल्या म्हणे. छपरं काढली. घेऊन गेले कोणाकोणाला."

आईनं सोवळ्यावरच पदर ओढला. "चल," मला म्हणाली.

"कुठे?"

"वाट तुला माहीत आहे."

भर सकाळी, सोवळ्यातली विधवा, अनवाणी, गल्लीतून चौपाटीकडे. मी पुढे, ती मागे. लोक बाजूला होत होते; तिला विटाळ होऊ नये म्हणून, की कोणी मेलंय असं समजून, सांगता येणार नाही. मला पाय टाकवेना, आणि ते जखमेमुळे नव्हतं. झोपडी होती तिथे चार वासे उभे होते. वर आभाळ. जाळं नाही, मडकी नाहीत, आत चुना टाकलेला, आणि त्यात बुटांचे ठसे. आई त्या वाश्यांमध्ये जाऊन उभी राहिली. तिनं खाली पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

मी समुद्राकडे पाहिलं, म्हणून मला दिसलं. किनाऱ्यापासून बऱ्याच आत काही होड्या नांगरून होत्या. त्यांतल्या एकीवर धूर होता. चूल पेटवल्याचा धूर. डोलकाठीला चौकड्यांचं लुगडं वाळत घातलेलं.

"आई, होडीवर आहेत! होडीवर राहायला गेलेत!"

ती पाण्यापर्यंत गेली. लाट घोट्यांवर आली, अलवण भिजलं, ती मागे सरली नाही. तोंडापाशी दोन्ही हात धरून तिनं हाक मारली, आणि ती हाक मी ओळखली तरी तो आवाज ओळखला नाही.

"हाय काऽऽ?"

वारा उलटा होता. पहिल्यांदा काहीच आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही. तिच्यात तेवढा जीव नव्हता असं मला वाटलं. मग होडीवर कोणी उभं राहिलं, मागे आणखी एक, लांब हातापायांचं, आणि त्यानं दोन्ही हात वर करून माझ्याकडे हलवले.

"हाऽऽय! दोगंबी हाऽऽय!"

आईनं भिजलेलं अलवण पिळलं. मग वळली.

"चल लवकर," ती म्हणाली. "वरण करपलं असेल."